दर तीन-चार महिन्यांनी एक पार्ट जातो. पीसी म्हातारा झालाय की निदानच चुकतंय?

शाईदौत:

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण अर्धवट माहिती दिली की पहिली चार उत्तरं प्रश्न विचारण्यातच जातात, म्हणून सगळं एकदम.

पीसी २०१२ साली जोडून घेतलेला. तिसऱ्या पिढीचा आय-५, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटसोबतच आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दहा-अकरा वर्षं या डब्याने कुरकुर केली नाही. गेल्या दीड वर्षात मात्र एक दुखणं बरं होतंय तोवर दुसरं उभं राहतं.

मी घरून मुद्रितशोधन करते, थोडी अक्षरजुळणीही. त्यामुळे नोंदी ठेवायची खोड आहे. वहीतलं तसंच उतरवते.

जानेवारी: सुरू करताना लांब लांब बीप, स्क्रीन काळी. दुरुस्तीवाल्याने एक रॅम काढली, बीप थांबला. रॅम गेली. नवी घेतली.

मे: काम करता करता सगळं गोठायचं. माउस हलायचा, पण काही उघडायचं नाही. अर्ध्या मिनिटाने आपोआप सुटायचं. हार्ड डिस्क गेली. एसएसडी बसवली.

ऑगस्ट: पुढचे दोन्ही यूएसबी पोर्ट बंद. सोडून दिलं, मागचे वापरते.

नोव्हेंबर: अचानक रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, काही संदेश नाही, फट्कन बंद आणि पुन्हा सुरू. प्रोसेसर तापतो. पंखा साफ केला, थर्मल पेस्ट नवी लावली. पंधरा दिवस बरं गेलं, मग परत तेच.

फेब्रुवारी: बायोसमधल्या (बोर्डवरच्या, पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्राममधल्या) सेटिंग पुसल्या जातात. सेल गेला. बदलला. एप्रिल: पुन्हा पुसल्या. सेल पुन्हा बदलला.

आणि आता रोज सकाळचं नाटक. बटण दाबलं की पंखा अर्धा वळसा घेतो आणि थांबतो. तिसऱ्या-चौथ्यांदा दाबल्यावर सुरू होतो. एकदा सुरू झाला की दिवसभर ठीक, फक्त मोठ्या पुस्तकाची पीडीएफ करायला लावली की कधीकधी रीस्टार्ट.

एसएमपीएसवर माझा संशय होता. पण दुरुस्तीवाल्याने हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवला, टेस्टर लावला, सगळे दिवे हिरवे. ‘हा ठणठणीत आहे, याला हात लावू नका’ म्हणाला. मग आता मदरबोर्डच का?

नवा पीसी घ्या, असं कृपया लगेच सांगू नका. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली माझी ढीगभर पुस्तकं याच मशीनवर नीट उघडतात.

---

एफएनसात:

लगेच नाही, दुसऱ्या वाक्यात सांगतो: नवा पीसी घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. जुन्या गाडीचं असंच असतं, एक भाग बदलला की दुसरा वाजायला लागतो. तुमच्या फॉन्टसाठी नव्या पीसीच्या आतच जुनी विंडोज चालवणारं व्हर्च्युअल मशीन करून ठेवता येईल.

---

उलटाडायोड:

ताई, वही उत्तम आहे, पण तिच्यात दोन हस्ताक्षरं मिसळली आहेत. ‘लांब बीप’, ‘अर्धा मिनिट गोठतं’ ही तुम्ही पाहिलेली लक्षणं. ‘रॅम गेली’, ‘डिस्क गेली’, ‘सेल गेला’ ही दुरुस्तीवाल्याची निदानं, आणि त्यातलं एकही तपासून काढलेलं दिसत नाही. पार्ट बदलला, त्रास थांबला, म्हणजे पार्ट वाईट होता, एवढाच पुरावा. पण पार्ट बदलताना केबल हलते, स्लॉट घासला जातो, धूळ निघते. नक्की कशाने थांबलं ते कोण सांगणार? निदानं खोडा, लक्षणं ठेवा, मग पुन्हा वाचा.

मला चार गोष्टी हव्यात.

बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात तेव्हा तारीख-वेळही जाते का? सेल उतरला असेल तर घड्याळही मागे जातं. तारीख बरोबर असून फक्त सेटिंग गेल्या असतील तर सेल निर्दोष आहे. बरेच बोर्ड सुरू होण्याचे दोन-तीन प्रयत्न फसले की आपणहून मूळ सेटिंगवर जातात. तुमच्याकडे तर रोज सकाळी प्रयत्न फसतात.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची स्वतःची नोंदवही) ‘सिस्टिम’ खाली कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद शोधा, आणि तिच्या तपशिलात बगचेककोडपुढे (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) काय आकडा आहे ते सांगा. ४१ चा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. नोंद नंतर, पुढच्या सुरुवातीला होते. त्यामुळे ‘४१ आलं म्हणजे एसएमपीएस खराब’ असं नेटवर वाचाल ते खरं मानू नका. पण कोड शून्य असेल तर विंडोजला मरताना काही लिहायलाही वेळ मिळाला नव्हता असं धरता येतं.

जुनी रॅम आणि जुनी डिस्क टाकून दिलीत की आहेत?

आणि एक फुकटचा प्रयोग. रात्री भिंतीवरचं बटण बंद करत असाल, तर उद्या सकाळी ते लावा आणि पीसीला हात न लावता अर्धा तास थांबा. मग पॉवर बटण दाबा. कितव्यांदा सुरू झालं ते लिहा.

---

खोडरबर:

रॅमचं मी सांगतो. पंधरा वर्षं हेच करतोय. रॅम काढायची, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचा, परत बसवायची. दहातल्या आठ ‘गेलेल्या’ रॅम उठतात.

---

उलटाडायोड:

उठतात, मान्य. पण खोडरबराने पट्टीवरचा सोन्याचा पातळ थरही थोडाथोडा जातो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. आधी भिंतीवरची वीज बंद, प्लग बाहेर.

---

खोडरबर:

अल्कोहोल घरात कोणाच्या असतं? खोडरबर असतो.

---

शाईदौत:

(दोघांनाही: माझ्याकडे दोन्ही आहे.)

डायोड, ‘दोन हस्ताक्षरं’ वाचून चपापलेच. लेखकाची चूक आणि जुळणीची चूक वेगळ्या शाईने दाखवायची, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलंय.

आता उत्तरं. तारीख-वेळ प्रत्येक वेळी बरोबर होती. हे मी वहीत लिहिलंच नव्हतं, कारण जे बिघडलं नाही ते कोण लिहितं? म्हणजे दोन्ही सेल उगाच बदलले. पहिला अजून खणात होता, भाच्याच्या मल्टीमीटरवर मोजला: ३.०४ व्होल्ट.

४१ च्या नोंदी नोव्हेंबरपासून तेवीस. तेवीसही ठिकाणी बगचेककोड ०.

जुनी रॅम आणि डिस्क दोन्ही आहेत. मी काही टाकत नाही.

प्रयोग तीन सकाळी केला. भिंतीवरचं बटण रात्री बंदच असतं. पहिल्या दिवशी लावून अर्धा तास थांबले: पहिल्याच दाबाला सुरू. दुसऱ्या दिवशी मुद्दाम थांबले नाही: चौथ्यांदा सुरू. तिसऱ्या दिवशी पुन्हा थांबले: पहिल्यांदाच सुरू. हे काय आहे?

---

उलटाडायोड:

हे एसएमपीएस आहे. ज्याला हात लावू नका म्हणाले, तोच.

भिंतीवरचं बटण लावलं की पीसी बंद असतानाही एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा होतो. ही ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन, जांभळी वायर. पॉवर बटणाकडे लक्ष ठेवणं हे तिचं काम, आणि बहुतेक एसएमपीएसमध्ये मुख्य भाग चालवणाऱ्या कंट्रोलरला वीजही याच छोट्या सर्किटकडून मिळते. प्लग लावलेला असेपर्यंत हे सर्किट विश्रांती घेत नाही. बाकीचे भाग दिवसाला आठ तास काम करतात तेव्हा हे सर्वांत जास्त राबलेलं असतं, आणि त्यातले कॅपॅसिटर आधी सुकतात.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या आत ओलसर इलेक्ट्रोलाइट असतो. वर्षानुवर्षं उष्णतेने तो कमी होत जातो. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. तो सुकत गेला की कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंड असताना तर जास्तच. म्हणून सकाळी थंडगार असताना उठत नाही. तुम्ही बटण दाबदाबून किंवा अर्धा तास वीज लावून ठेवून त्याला ऊब देता, मग उठतो. सकाळी हट्ट आणि दुपारी शहाणपण करणारं मशीन दिसलं की मी आधी एसएमपीएस बघतो.

वायर जोडून पंखा फिरवण्याच्या चाचणीवर मात्र माझा राग आहे. तिच्यातून कळतं ते इतकंच की एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही. पंख्याला लागतात दोन-तीन वॉट. रिकामी पिशवी उचलून दाखवली म्हणजे धान्याचं पोतं उचलता येतं असं नाही. छोट्या टेस्टरचंही तेच, तो भार जवळजवळ टाकतच नाही.

भार टाकून मोजू या. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर. हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनी मोकळ्या कनेक्टरमध्ये काळ्या वायरच्या छिद्रात काळा प्रोब, पिवळ्यात लाल प्रोब: १२ व्होल्टची लाइन. मग लाल वायरमध्ये: ५ व्होल्टची. एकदा मशीन निवांत असताना, एकदा पीडीएफ चालू असताना. दोन प्रोब एकमेकांना चिकटू देऊ नका. जांभळी वायर मुख्य २४ पिनी कनेक्टरच्या मागून मोजायची, सकाळी, पीसी सुरू करण्याआधी.

एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएसचं ठरलेलं मानक) नियमाप्रमाणे या तिन्ही लाइनला पाच टक्के सूट आहे. म्हणजे १२ ची लाइन ११.४० ते १२.६० मध्ये हवी, ५ च्या दोन्ही ४.७५ ते ५.२५ मध्ये. बायोसमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे व्होल्टेज आकडे धरू नका, ते कधीकधी हास्यास्पद असतात.

---

एफएनसात:

मदरबोर्डवरचे कॅपॅसिटरही बघा. डोकं फुगलंय का, तपकिरी चिकट काही बाहेर आलंय का. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे ढिगाने बोर्ड गेले होते, तेव्हा मी त्यातच काम करत होतो. (नवा पीसी घ्या, हे माझं म्हणणं कायम आहे.)

---

शाईदौत:

बोर्डवरचे सगळे सपाट आहेत, भिंग लावून पाहिले.

आकडे. जांभळी, सकाळी थंड: ४.५८. तीच, दुपारी: ४.८३.

पिवळी निवांत ११.७१, पीडीएफ चालू असताना ११.२६. लाल निवांत ५.०८, पीडीएफ चालू असताना ५.१९.

एक उतरते आणि दुसरी चढते, हे मी उलटं तर लिहीत नाहीये ना, म्हणून चार वेळा मोजलं. तसंच आहे.

---

उलटाडायोड:

उलटं नाही. बऱ्याच स्वस्त आणि जुन्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ या दोन लाइन एकाच नियंत्रणाखाली असतात. सगळा भार १२ वर आला आणि ५ मोकळी राहिली, की १२ दबते. कंट्रोलर दोघींना मिळून वर ढकलतो, आणि ५ गरज नसताना चढते. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर १२ वरूनच जेवतो, त्यामुळे हा प्रकार पीडीएफ करतानाच दिसणार.

११.२६ हे ११.४० च्या खाली आहे आणि सकाळचे ४.५८ हे ४.७५ च्या खाली. दोन्ही नापास. शिवाय मल्टीमीटर सरासरी दाखवतो. सुकलेल्या कॅपॅसिटरमुळे व्होल्टेजवर जे बारीक हेलकावे येतात ते बघायला ऑसिलोस्कोप लागतो, म्हणजे प्रत्यक्ष स्थिती याहून वाईट असणार. रीस्टार्टचं कोडंही इथेच सुटतं. एसएमपीएसची एक करडी वायर बोर्डला सतत ‘वीज ठीक आहे’ असं सांगत असते. तो निरोप तुटला की बोर्ड तत्क्षणी सगळं रीसेट करतो. निळी स्क्रीन यायला विंडोज जिवंत तर पाहिजे!

थर्मल पेस्टने पंधरा दिवस का बरं वाटलं? माझा अंदाज, पंखा साफ करताना एसएमपीएसमधलीही धूळ उडाली आणि तो थोडा गार राहिला. हा नुसता अंदाज आहे, निदानात धरू नका.

जुन्या एसएमपीएसवरचं लेबल वाचा. १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत?

---

शाईदौत:

१६.

---

उलटाडायोड:

१६ गुणिले १२, १९२ वॉट. वर मोठ्या अक्षरात ४५०. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ च्या लाइनवर दाखवलेत, जिथे तुमचं मशीन फारसं काही खातच नाही. नवा घेताना हाच गुणाकार करा, मोठ्या अक्षरातला आकडा बघू नका. तुमचा प्रोसेसर ७७ वॉटचा, ग्राफिक्स कार्ड नाही, सगळं मिळून दीडशेच्या वर क्वचित जाईल. ७५० वॉटचा घ्यायची काही गरज नाही. साधा, चांगल्या बनावटीचा लहानच घ्या.

आता जुनी रॅम आणि डिस्क तपासा. मला त्या दोघी निर्दोष असाव्यात असं वाटतंय, पण वाटण्याला किंमत नाही. रॅम एकटी लावून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर. डिस्क दुसऱ्या केबलने जोडून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) ५, १९७ आणि १९९ क्रमांकांच्या ओळी बघा. (हे क्रमांक मी दशमानात लिहिलेत. यादी सोळामान, म्हणजे हेक्साडेसिमल आहे, ०५, सी५, सी७ असं दिसेल.)

---

शाईदौत:

रॅम: अल्कोहोलने पुसली, चार फेऱ्या, चुका शून्य. दुसऱ्या स्लॉटमध्येही लावली, बीप नाही. (खोडरबर, माफ करा.)

डिस्क: ०५ पुढे सगळी शून्यं, सी५ पुढेही. सी७ पुढे ०००००००००७५१. साडेसातशे म्हणजे वाईट का?

---

उलटाडायोड:

तोही सोळामान आहे. ७५१ म्हणजे १८७३.

पण वाईट डिस्क नाही. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे शंकेखालचे, आणि दोन्ही शून्य म्हणजे तिच्या तबकड्यांबद्दल तक्रार नाही. सी७ मोजतो ते डिस्क आणि बोर्डमधल्या वाटेवर बिघडलेली पाकिटं. पाकीट बिघडलं की ते परत मागवलं जातं. तेच तुमचं ‘अर्धा मिनिट गोठतं आणि सुटतं’. दोष बहुतेक साटा केबलचा. एसएसडी बसवताना केबलही बदलली असणार, म्हणून थांबलं. हा आकडा कमी होत नाही, फक्त वाढतो. आज लिहून ठेवा. नव्या केबलवर महिनाभराने १८७३ च असेल तर डिस्क बॅकअपला वापरा.

---

खोडरबर:

रॅम माझ्या पद्धतीने पण उठली असती.

---

शाईदौत:

तीन आठवड्यांनी लिहितेय, मधे एका कोशाची तिसरी प्रुफं होती.

एसएमपीएस बदलला. पिवळी निवांत १२.०६, पीडीएफ चालू असताना १२.०१. जांभळी सकाळी ५.०३. भिंतीवरचं बटण लावल्या लावल्या पहिल्या दाबाला सुरू होतो, एकवीस सकाळी. ४१ ची नोंद एकच, ती माझ्या पायामुळे, प्लग उडाला. वहीत तसं लिहिलंय, म्हणजे पुढे कोणी माझ्यासारखं पार्ट बदलत सुटायला नको.

जुनी डिस्क परत आत, सी७ अजून ७५१. जुनी रॅम खणात.

आणि यूएसबी! एसएमपीएस काढताना दिसलं, पुढच्या पोर्टची वायर बोर्डवरून अर्धवट निसटून लोंबत होती. एसएसडी बसवताना मे मध्येच निसटली असावी, मला वापरायची वेळ आली ऑगस्टमध्ये. घट्ट बसवल्यावर एक पोर्ट चालू झाला. दुसरा अजून मेलेलाच आहे, आणि त्याचं निदान मी केलेलं नाही, त्यामुळे ‘पोर्ट गेला’ असं लिहीत नाही. ‘चालत नाही’ असं लिहिलंय.

एक शेवटचं. जुन्या एसएमपीएसमधले कॅपॅसिटर बदलून तो राखीव ठेवता येईल का? भाचा म्हणतो त्याला सोल्डरिंग येतं.

---

उलटाडायोड:

नको. त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. सोल्डरिंग येणं वेगळं आणि हे उघडणं वेगळं. ई-कचऱ्यात द्या. आणि देईपर्यंत कोणाच्या हाती लागू देऊ नका, कोणीतरी हिरवी-काळी जोडून ‘चालतोय की’ म्हणेल.

---

शाईदौत:

उघडत नाही. वायरी गुंडाळून दोरीने बांधलाय आणि वर लाल शाईने कागद चिकटवलाय: ‘खराब. पंखा फिरतो, तरीही खराब.’